आधी गळती, मग कार्पेट: जुन्या स्पोर्ट्स कारचं आतलं काम आणि नवशिक्याचा हिशेब



मागच्या महिन्यात इंग्लंडमधून एका प्रेक्षकाचा मेसेज आला. मूळचे सांगलीचे, आता तिकडे मिडलंड्स भागात नोकरीला. वडिलांचं सीट कव्हरचं दुकान होतं, त्यामुळे शिलाई मशीनवर लहानपणापासून हात बसलेला. त्यांनी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर घेतली. इंजिन चालतं, बाहेरचा रंग बरा, पण आत सगळं फाटलेलं. मेसेजचा शेवट असा होता: "सर, आतलं सगळं काम मी स्वतः करतोय. ओळखीच्या एकाने त्याच्या गाडीचं कामही विचारलंय. घेऊ का? जमलं तर नोकरी सोडून हाच धंदा करावा म्हणतो. उद्या सीट उसवतोय."

मी लगेच उत्तर दिलं, "उद्या उसवू नका."

हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे एमजीबी परवडतेय! बरोबर आहे. पण त्यांची परिस्थिती नीट बघा. हातात कौशल्य आहे, पण हा विशिष्ट माल पहिल्यांदाच समोर आलाय. आणि स्वतःचं काम पुरं व्हायच्या आधीच पहिलं गिऱ्हाईक दारात उभं आहे. तुमच्यापैकी कित्येक जण आज अगदी इथेच उभे आहात.

ही गाडी नवशिक्याला बरी का?

एमजीबी १९६२ मध्ये आली आणि इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ऑक्टोबर १९८० पर्यंत बनत राहिली. उघड्या टपाची रोडस्टर आधी, मग १९६५ मध्ये मागे उघडणाऱ्या दाराची जीटी. सगळे प्रकार धरले तर पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेला गेला. एवढ्या गाड्या रस्त्यावर होत्या म्हणून आजही सुट्या भागांना मागणी आहे. मागणी आहे म्हणून माल बनतो. इतका, की १९८८ मध्ये या गाडीचा अख्खा नवा बॉडीशेल पुन्हा बनवायला सुरुवात झाली.

आतल्या कामाचंही तसंच. सीट कव्हरचा शिवलेला सेट, फोम, कापलेलं कार्पेट, दाराचे पॅनल, क्लिपा, सगळं तयार मिळतं. दुर्मिळ गाडी असती तर एका हँडलसाठी वर्षभर थांबावं लागलं असतं. शिकायला सुरुवात करताना माल सहज मिळणारी गाडी घ्या, हा पहिला धडा.

पण याची दुसरी बाजू बघा. जो सेट तुम्हाला मिळतो, तोच तुमच्या गिऱ्हाइकालाही मिळतो. मग तो तुम्हाला पैसे कशाचे देणार? कव्हरचे नाही. कव्हर नीट बसवण्याचे, खाली लपलेला दोष ओळखण्याचे आणि काय बदलायचं नाही हे सांगण्याचे. ही तीन कामं येत नसतील, तर तुमच्याकडे विकायला अजून काही नाही.

ऑर्डर देण्याआधी साल ओळखा

अठरा वर्षांत या गाडीच्या सीट सारख्या राहिल्या नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांत बसण्याच्या भागाला चामडं आणि कडेला पाइपिंग होतं. पुढे रेक्झिन आलं. १९७७ च्या मॉडेलपासून इंग्लंडच्या बाजारातल्या गाड्यांना पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्चीसारखं दिसतं म्हणून तिकडचे लोक त्याला तेच नाव देतात. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचा डॅशबोर्डही १९६८ पासून वेगळा, जाड गादी लावलेला होता. इंग्लंडमधल्या गाड्यांना मात्र त्या वेळी काळ्या खरबरीत रंगाचा पत्र्याचा डॅश होता.

म्हणजे "एमजीबीचा सेट द्या" एवढं सांगून चालत नाही. चॅसिस नंबर बघा, साल बघा, गाडी मूळ कुठल्या देशासाठी बनली ते बघा. आणि तरीही खात्री करा, कारण पन्नास वर्षांत आधीच्या कुणीतरी दुसऱ्याच सालाच्या सीट बसवलेल्या असू शकतात. कागद एक सांगतो आणि गाडी दुसरंच सांगते, असं जुन्या मालात नेहमी होतं.

खोलण्याआधी वही

बॅटरीची वायर आधी सुटी करा. या गाडीत बॅटरी सीटच्या मागे, कार्पेटखालच्या झाकणाआड असते. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन, नंतर बारा व्होल्टची एक. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट. न बघता वायरिंगला हात लावला तर नुकसान पक्कं. पाने मिलिमीटरचे चालत नाहीत, इंची लागतात.

मग फोटो. लांबून एक, जवळून एक, आणि भाग निघाल्यावर त्याच्या मागच्या बाजूचा एक. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव: "डावं दार, खालची ओळ". "लक्षात राहील" असं प्रत्येक नवशिक्याला वाटतं. सहा आठवड्यांनी मूठभर स्क्रू हातात घेऊन बसल्यावर काहीच लक्षात राहिलेलं नसतं.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: नवा भाग बसून पक्का होईपर्यंत जुना फेकायचा नाही. फाटकं कव्हर हे तुमचं माप आहे. चुरा झालेला फोमसुद्धा सांगतो की कड कुठे उंच होती. तयार सेटमधलं पॅनल अर्धा इंच चुकलं तर भांडायला पुरावा तोच. नवशिक्या शिवताना जेवढं गमावतो, त्याहून जास्त तो उत्साहाच्या भरात काढताना आणि फेकताना गमावतो.

आधी पाणी

आता "उद्या उसवू नका" असं का म्हणालो, ते सांगतो.

जुन्या उघड्या गाडीत कार्पेट सडतं ते बहुतेक वेळा वयामुळे नाही, पाण्यामुळे. टपाच्या कडेतून, दाराच्या रबरातून, समोरच्या काचेच्या रबरातून पाणी येतं. एमजीबीत आणखी एक जागा आहे. काचेच्या पुढे हवा आत घेणारी जाळी असते. तिथून शिरलेलं पावसाचं पाणी एका नळीतून खाली निघून जायला हवं. ती नळी पानांनी, मातीने तुंबली की पाणी पाय ठेवायच्या जागेत उतरतं. वर नवंकोरं कार्पेट चिकटवलंत, तर पहिल्याच पावसाळी आठवड्यात ते ओलं, आणि खालचा पत्रा परत गंजायला मोकळा.

म्हणून सीट बाहेर काढा, सगळं कार्पेट आणि खालचा नमदा उचला, आणि पाण्याची परीक्षा घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. खालून सुरुवात करून वर जायचं, एका वेळी एकच जागा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कुठून आलं ते कधीच कळणार नाही.

मग तळाचा पत्रा तपासा. सीटच्या सरकपट्ट्यांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून त्यांच्याखाली नक्की बघा. दाराखालची लांब पेटी, जिला तिकडे सिल म्हणतात, तिच्या कडेने बोट फिरवा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. रोडस्टरला वर छप्परही नाही, त्यामुळे सिलवर जास्तच भिस्त. तिथे गंज असेल तर काम थांबवा. ते दुरुस्त करणं हे या प्रकारच्या गाड्यांचं वेल्डिंग जाणणाऱ्या माणसाचं काम आहे. गाडीला नीट आधार न देता सिल कापली तर बॉडी वाकते आणि दारं लागत नाहीत.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, मोठा फेरबदल केलेला नसेल तर, २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. १९८० मध्ये उत्पादन थांबलं, म्हणजे आता सगळ्याच एमजीबी त्या वयाच्या झाल्या. कायद्याने सूट मिळाली, पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या गाडीखाली दुसरं कुणी डोकावेलच याची खात्री नाही. बघायचं ते तुम्हालाच.

आमच्या सांगलीकरांनी दुसऱ्या दिवशी सीट उसवली नाही. सीट काढून फक्त कार्पेट उचललं आणि फोटो पाठवला. ड्रायव्हरच्या बाजूला नमदा पिळता येईल इतका ओला. त्याखाली, सीटचा बोल्ट जिथे बसतो तिथून चार बोटांवर, पत्र्याला आरपार भोक. त्यावर मागे कुणीतरी डांबरासारखं काहीतरी फासून वरून कार्पेट चिकटवलं होतं. ज्या पत्र्यावर सीट आणि माणूस बसतो, तो पत्रा!

त्यांनी लिहिलं, "सर, मीही हेच करणार होतो. वरून छान दिसलं असतं."

याच्यावर मला वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आता सीट: पण आधी कुठली?

पत्र्याचं काम झालं, रंग आणि सीलर वाळला, गळती थांबली. आता सीटला हात लावा. दोन सीट असतात, हे नवशिक्याचं नशीब. बहुतेकांना वाटतं, बाजूची सीट आधी करावी, चुकली तरी फारशी दिसत नाही. माझं मत उलट आहे. ड्रायव्हरची सीट जास्त झिजलेली, जास्त दबलेली असते, तिच्यात गमावण्यासारखं कमी. बाजूच्या सीटवर माणसं कमी बसलेली असतात, म्हणून मूळ आकार तिच्यात जास्त टिकलेला असतो. ती आपला नमुना. एक सीट पूर्ण होऊन गाडीत बसेपर्यंत दुसरी उसवायची नाही.

कव्हर काढताना शिवण, क्लिप आणि चिकटवलेली जागा, तिन्हींची नोंद करा. जुन्या फोमची भुकटी उडते, मास्क लावा. बसण्याच्या भागाखाली रबरी पट्टे किंवा रबरी पडदा असतो. तो ताणून कडक किंवा सैल झाला असेल तर बदला, नाहीतर नवा फोम घालूनही माणूस खड्ड्यात बसल्यासारखा बसतो. सांगाड्याला घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या.

नवं कव्हर थंड असताना ओढू नका. उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने गरम करा, म्हणजे ते ताणलं जातं. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद टाकला की कव्हर सरकतं. मधली शिवण आधी सरळ बसवा, मग दोन्ही कडा थोड्या थोड्या ओढा. एक कड पुरी ओढून दुसरीकडे गेलात तर पाइपिंग वाकडं होणार म्हणजे होणार. सोल्यूशन शेवटी. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत वाळू द्यायचं आणि मग दाबायचं. उन्हात सुटणार नाही असं, उष्णता सहन करणारं सोल्यूशनच घ्या.

आणि गाडी सुरुवातीच्या वर्षांतली, चामड्याच्या सीटची असेल तर? आधी थांबा. कित्येकदा चामडं ठीक असतं, फक्त दोरा कुजलेला असतो. अशा वेळी चामडं स्वच्छ करून, मऊ करून, जुन्याच भोकांतून परत शिवता येतं. शेजारी भोकांची नवी रांग पाडू नका, पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच फाटेल.

दारं आणि कार्पेट

दाराच्या पॅनलमागे प्लास्टिकचा पडदा हवा. दाराच्या आत पाणी येतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. पडदा नसेल तर ते पाणी पॅनलचा पुठ्ठा पितो आणि पॅनल फुगतं. पॅनल बसवण्याआधी दाराच्या तळाची भोकं मोकळी करा. काच खालीवर करून बघा. हँडल लावल्यावर काच अडकते हे कळलं, तर सगळं परत खोलायचं.

कार्पेट चिकटवण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडून बघा. मधला उंचवटा आणि कडेचे तुकडे आधी, तळाचे शेवटी. तळाचे तुकडे चिकटवू नका, मूळ गाडीसारखे दाबबटणांवर ठेवा. म्हणजे ओले झाले तर उचलून वाळवता येतात. सीटचं आणि सीटबेल्टच्या बोल्टचं भोक आतून टोचून खूण केल्याशिवाय कात्री चालवू नका.

आता हिशेबाची वही काढा

त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाने विचारलं होतं, "दोन्ही सीटचे किती घेणार?" आमच्या मित्राच्या मनात आकडा होता ३०० पौंड, माल मालकाचा. चला, मांडून बघू.

समजा पहिल्या सीटला १६ तास लागले, दुसरीला १०. एकूण २६ तास. ३०० भागिले २६, म्हणजे ताशी साधारण साडेअकरा पौंड. एप्रिल २०२५ मध्येच ब्रिटनमध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं होतं. म्हणजे नोकरी सोडून, स्वतःची जागा, वीज, सुया, मशीन वापरून, किमान वेतनापेक्षा कमी कमाई! आणि यात फोटो काढणं, माल मागवणं, चुकीचा आलेला परत पाठवणं, मालकाच्या फोनला उत्तरं देणं, हे तास धरलेलेच नाहीत.

"पण सर, सवय झाली की वेळ कमी लागेल." लागेल, पण त्याच मॉडेलच्या सीटला. पुढचं गिऱ्हाईक वेगळी गाडी आणेल, की तुम्ही परत पहिल्या सीटवर. म्हणून दर ठरवताना दुसऱ्या सीटचा वेळ धरू नका, पहिल्या सीटचा धरा. वेळ वाचला तर तो तुमचा नफा.

स्वतःच्या गाडीवर काम करताना प्रत्येक कामाचे तास लिहा: खोलणं, साफ करणं, शिवणं, बसवणं, चूक दुरुस्त करणं. चुकीचा रकाना वेगळा ठेवा. महिनाअखेर ही वही तुम्हाला माझ्यापेक्षा खरं सांगेल की हा धंदा आहे की छंद. छंद निघाला तरी वाईट नाही. छंदाला धंदा समजून नोकरी सोडणं वाईट.

दुसऱ्याची गाडी घेण्याआधी चार गोष्टी

एक. पहिलं काम लहान घ्या, दोन दारांचे पॅनल किंवा फक्त कार्पेट. सीट नंतर.

दोन. गाडी आत घेताना मालकासमोर फोटो आणि लेखी यादी करा. कुठे फाटलंय, कुठला स्क्रू नाही, कुठली काच सैल आहे. सही घ्या. "ओळखीचा आहे" म्हणून सोडू नका, भांडणं ओळखीतच होतात.

तीन. विमा. दुसऱ्याची गाडी तुमच्या शेडमध्ये उभी असताना आग लागली, चोरी झाली तर? घराचा विमा ते भरून देईल असं गृहीत धरू नका. विमा कंपनीला लेखी विचारा.

चार. काढलेला जुना माल खोक्यात भरून मालकाला परत द्या, नावं लिहून. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते त्याने ठरवायचं. जुन्या गाडीत मूळ गोष्टीला किंमत असते, आणि एकदा कचऱ्यात गेलेली मूळ गोष्ट पैसे देऊन परत येत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात सीट कव्हर, कुशनचं काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम आणले. ५० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी जपणारा मालक तुमच्याकडे आला, तर त्याला चकचकीत नवं रेक्झिन नको असतं. जुन्याचा मान ठेवणारा कारागीर हवा असतो. कॅटलॉग पुढे सरकवण्याआधी विचारा, "यातलं काय तसंच ठेवायचंय?" या एका प्रश्नावर तो माणूस तुमच्याकडे थांबेल.

शेवटी

सांगलीकरांच्या गाडीचा पत्रा आता वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्त होतोय. त्या खर्चाने सीटचं बजेट संपलं, त्यामुळे कव्हर दोन-तीन महिन्यांनी येतील. नोकरी चालू आहे. दुसऱ्या गाडीच्या मालकाला त्यांनी खरं ते सांगितलं: "माझी गाडी पूर्ण करतो, मग तुम्ही येऊन बघा, पटलं तर तुमच्या दारांपासून सुरुवात करू." तो म्हणाला, थांबतो. आणि जाता जाता म्हणाला, "माझंही कार्पेट एकदा उचलून बघाल का? त्याचे काय घ्याल?"

बघा मित्रांनो, एक टाकाही न घालता पहिली ऑर्डर आली. तपासणीची. आणि तिचा दर ठरवायला वहीत तास लिहिलेले आहेत.

तुमच्या धंद्यातलं "कार्पेट" कुठलं आहे, जे उचलून बघायचं तुम्ही टाळताय? आज संध्याकाळी ते उचला. जे दिसेल ते वहीत लिहा. मग पुढचं बोलू.